घरचे हवेतच, पण कशासाठी?

स्किझोफ्रेनियाचा रुग्ण बरा व्हायचा तर त्याला घरापासून लांब ठेवा, असं सुशिक्षित माणसंही सांगतात. आधार देतात लंडनच्या जॉर्ज ब्राऊन यांच्या संशोधनाचा. ज्या घरांत टोमणे, राग किंवा नको तितकी काळजी, तिथे परतलेल्या रुग्णांचा आजार जास्त उलटतो, असं त्यांना आढळलं. ते खरंच आहे. पण घरच्या बोलण्याने आजार उलटत असेल, तर ते बोलणं बदलून तो आवरताही येईल. पुढे घरच्यांना आजार समजावला, बोलण्याची वेगळी रीत शिकवली, तेव्हा तसंच घडलं. आपल्याकडे तर अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकातच मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांसोबत राहायला लावलं होतं.

दुसरं मत मला अधिक घातक वाटतं. ‘आपल्याकडे कुटुंब सगळं करतंच की!’ करतं, खरंच करतं, त्यातही आई आणि बायको सर्वांत जास्त. पण काय करतं? तिशीतल्या मुलाच्या तळहातावर आई गोळी ठेवते, एटीएम कार्ड वडिलांच्या कपाटात असतं. डॉक्टर त्याला विचारतात, ‘झोप लागते का?’ उत्तर भाऊ देतो. मग सत्तरी गाठल्यावर आईवडिलांना प्रश्न पडतो, ‘आमच्यानंतर याचं कसं?’

त्या प्रश्नाची तयारी मुलाच्या पंचविशीतच सुरू व्हायला हवी. गोळ्यांची आठवड्याची डबी त्याने भरावी, आईने रविवारी फक्त बघावी, आणि काही महिन्यांनी तेही सोडावं. महिन्याचे थोडे पैसे त्याच्या हाती द्यावेत, हिशेब चुकला तरी चालेल. डॉक्टरांनी आधी त्याच्याशी एकट्याशी बोलावं, मग घरच्यांना आत घ्यावं. ‘त्याने गोळ्याच सोडल्या तर?’ ही भीती रास्त आहे. म्हणूनच तो बरा असताना सगळ्यांनी बसून लिहून ठेवावं: झोप उडाली, आंघोळ टाळू लागला, तर कुणी काय करायचं. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर आपल्यावर उपचार कसे व्हावेत हे आधी लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा हक्क रुग्णालाच देतो.

हे घरच्यांना कोण शिकवणार? पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी सुरू केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये शुभंकर, म्हणजे रुग्णाची काळजी घेणारे घरचे, एकमेकांकडून शिकतात. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या सरकारी मनोरुग्णालयांतही औषधाच्या चिठ्ठीइतकीच घरच्यांची बैठक नेमाने व्हायला हवी, आणि ती रुग्ण दाखल झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात.