अठरा खांबांची वर्गणी

डहाणू रोड स्थानकाबाहेरच्या एखाद्या किराणा दुकानात गल्ल्यापाशी घटकाभर उभे राहिले, तर आपल्याकडच्या क्रीडास्पर्धा कशा पार पडतात याचे निम्मे ज्ञान विनासायास पदरात पडते. पावतीपुस्तक काखोटीस मारून चार तरुण येतात. दुकानदार त्यांचे बोलणे पुरते ऐकूनही न घेता शंभराची नोट काढतो आणि मिळालेली पावती भिंतीवरच्या त्या तारेत खोचतो, जिथे गणपतीची, नवरात्राची आणि गेल्या खेपेच्या टेनिस क्रिकेटची पावती आधीच धूळ खात लटकत असते. ही रक्कम तो देणगी म्हणून देत नाही, जाहिरात म्हणूनही देत नाही. ब्याद टळावी म्हणून देतो. उरलेल्या खर्चाचा भार मग निवडणुकीस उभा राहू इच्छिणारा कोणी सद्गृहस्थ उचलतो, आणि मैदानाच्या तोंडाशी जो फलक लागतो त्यावर त्याची मुद्रा तीन फुटांची, चषकाचे नाव अर्ध्या फुटाचे, आणि ज्यांनी उन्हात धावायचे त्या खेळाडूंचा उल्लेख मुळीच नाही.

हे आज लिहावेसे वाटले, कारण डिस्क गोल्फ नावाचा एक खेळ आपल्या किनाऱ्यावर यावा, आणि आला तर त्याने या तारेत आणखी एक पावती होऊन लटकू नये, अशी माझी इच्छा आहे. गोल्फच्या चेंडूऐवजी थाळीसारखी चकती हाताने फेकायची, आणि खांबावर साखळ्यांच्या झुंबराखाली बसविलेल्या टोपलीत ती कमीत कमी फेकींत पोहोचवायची. असे बहुधा अठरा खांब. गेल्या शतकाच्या आठव्या दशकात कॅलिफोर्नियात एड हेड्रिक याने ही साखळ्यांची टोपली काढून खेळाला शिस्त लावली, आणि 2002 साली तो वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा नव्या चकत्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळण्यात आली. खेळापायी देह झिजविणारे पुष्कळ असतात. त्यानंतरही खेळाडूंच्या हातून फेकले जाण्याची हौस बाळगणारा विरळा.

या खेळाला जमीन सपाट करावी लागत नाही, आणि झाड तर तोडावेच लागत नाही, कारण झाड हाच त्यातला अडथळा. ज्या डहाणू तालुक्यास केंद्र सरकारने 1991 च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरविले, तेथे याहून सोयीचा खेळ कोणता? रीतसर परवानगी काढून बोर्डीच्या सुरूच्या बनात तो उत्तम रंगेल. घोलवडच्या वाड्यांचा मोह मात्र टाळावा. चिकूला बहुतेक बारमाही फळ असते, आणि चकतीने चार फळे पाडली की जो बागायतदार पहिला आश्रयदाता व्हायचा तो पहिला फिर्यादी होईल. लोखंडी टोपल्या महाग पडतात. आरंभी आपल्याकडच्या बांबूच्या टोपल्यांवर निभावून न्यावे.

राहिला पैसा. परदेशी या खेळाच्या स्पर्धांत एक साधी रीत आहे: प्रत्येक खांबाचा पुरस्कर्ता निराळा, आणि फेकीच्या जागेपाशी त्याच्या नावाची लहानशी पाटी. मला ही रीत खेळाइतकीच मोलाची वाटते. डहाणूचा फुग्यांचा कारखानदार, वाणगावचा मिरचीवाला, धाकटी डहाणूची मच्छीमार सोसायटी, तलासरीच्या महामार्गावरचा धाबेवाला, असे अठरा जण धरले आणि खांबामागे 2,000 रुपये घेतले, तर 36,000 रुपये उभे राहतात. एका गावच्या स्पर्धेस ते पुरावेत, आणि न पुरले तर मंडप आणि ध्वनिक्षेपक यांना फाटा द्यावा, त्यांची कोणाला उणीव भासणार नाही.

एकच धनिक गाठणे सोपे असताना हा अठरा दारांचा व्याप कशाला, असे तरुण मंडळी विचारतील. तलासरीत या प्रश्नाचे उत्तर जुने आहे. लग्नासाठी सावकाराने दिलेल्या थोडक्या रकमेपायी वारली जोडप्याने त्याच्याकडे वर्षानुवर्षे राबत राहायचे, अशा माणसाला येथे लग्नगडी म्हणत. तलासरीनजीक झरी येथे मे 1945 मध्ये भरलेल्या परिषदेपासून शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी जो लढा दिला, त्याने वेठ आणि लग्नगडी दोन्ही मोडीत काढली. चषकाच्या वर्गणीची त्या गुलामीशी बरोबरी करणे हा अतिप्रसंग होईल. परंतु ज्याने मांडवाचा खर्च केला त्याचा हक्क मांडवापुरता राहत नाही, एवढे तरी त्या मुलुखात जन्मलेल्यांनी ओळखावे.

कंपन्यांकडे जावे की नाही? अवश्य जावे, काय मागायचे ते मात्र ठरवून जावे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 अन्वये ठरावीक मोठ्या कंपन्यांना आपल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामी खर्चावे लागतात, त्यात आसपासच्या मुलखास अग्रक्रम द्यावा असे तेच कलम सांगते, आणि ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण अनुसूचीत नमूद आहे. पण 18 जून 2014 च्या सरकारी परिपत्रकाने मॅरेथॉनसारखे एकवारचे समारंभ या हिशेबातून वगळले, आणि 2021 च्या सुधारित नियमांनी मालाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्वही वगळले. तेव्हा ‘स्पर्धेस पैसे द्या, आपला फलक लावतो’ अशा मजकुराचा अर्ज त्या खात्यात मुळातच नामंजूर होणार, आणि आपले आयोजक नेमका तोच मजकूर लिहितात! मागायचे ते आश्रमशाळेतल्या मुलांच्या वर्षभराच्या शिकवणीसाठी, नोंदणीकृत संस्थेमार्फत मागावे. चकतीचा हा खेळ ‘ग्रामीण’ या शब्दात बसविण्यास थोडी कसरत करावी लागेल, हे मान्य.

आणि एक पथ्य. वाढवण बंदराचे भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 रोजी झाले. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध त्याआधीपासून जाहीर आहे. अशा वेळी कोळीवाड्यातल्या स्पर्धेत बंदराच्या ठेकेदाराची पाटी लावणे म्हणजे अर्ध्या खेळाडूंना घरी बसविणे होय. त्या पैशाचा रंग काय आहे यावर मी वाद घालत नाही. खेळास माणसे यावीत, इतकाच माझा आग्रह.

स्पर्धा आटोपल्यावर आठ दिवसांच्या आत आण्यापैपर्यंतचा जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर डकवावा, आणि त्याची एकेक प्रत अठराही दुकानांत स्वतः नेऊन द्यावी, पुढल्या वर्षाची वर्गणी न मागता. पहिल्या खांबाचे 2,000 रुपये माझ्या खाती मांडावेत. पाटीवर माझे नाव नको, तेथून टोपली किती पावलांवर आहे तेवढे लिहावे. सतरा खांब शिल्लक आहेत.