झाक काढा, चेहरा बदलू नका



शाळेच्या कपाटातील जुने रंगीत फोटो स्कॅन करून जतन करण्याचे काम आपण हाती घेतले आहे. त्यांतील बरेचसे फोटो लालसर झाले आहेत. सभागृहात दिव्यांच्या उजेडात काढलेले पिवळे दिसतात. "मोबाइलवर एक बटण दाबले की सगळे नीट होते," असे अनेकजण सुचवतात. माझे मत वेगळे आहे. हे काम आपल्या मुलांनी कारण समजून घेऊन स्वतः करावे.

यामागचे तत्त्व आपल्या घरात रोजच वापरले जाते. पांढरा सदरा पिवळट पडला की त्याला नीळ देतात. निळा हा पिवळ्याचा पूरक रंग आहे, म्हणून पिवळी झाक मारली जाते आणि कापड पांढरे दिसते. फोटोतील झाक काढण्याची रीतही हीच आहे.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. तिथेही यांना 'पूरक रंग' असेच म्हणत, आणि शब्द नेमका आहे. ज्या रंगाचा प्रकाश मिळाला की पांढरा पूर्ण होतो, तो पूरक. पांढरा प्रकाश लाल, हिरवा आणि निळा मिळून तयार करता येतो. म्हणून लालचा पूरक सायन, म्हणजे हिरवा व निळा मिळून होणारा रंग. हिरव्याचा पूरक मॅजेंटा, म्हणजे आपल्या राणी रंगाजवळचा. निळ्याचा पूरक पिवळा. चित्रकलेच्या तासाला मुले लालसमोर हिरवा शिकतात आणि संगणकावर गोंधळतात. रंगपेटीतले ते चक्र रंग कालवणाऱ्यांच्या सोयीचे आहे. पडद्यावर मात्र प्रकाश मिसळतो. १८६१ साली लंडनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून काढलेली तीन छायाचित्रे पडद्यावर एकावर एक टाकून रंगीत चित्र दाखवले होते. आजचा मोबाइलही त्याच तीन रंगांवर चालतो.

आता झाक येते कशी? दुपारच्या उन्हाचे वर्णतापमान सुमारे ५५०० केल्विन धरतात, तर जुन्या तारेच्या बल्बचे सुमारे २८००. बल्बच्या प्रकाशात निळा कमी असतो, म्हणून फोटो पिवळट-नारिंगी येतो. जुन्या छापील फोटोंचे कारण निराळे. त्यांत सायन, मॅजेंटा आणि पिवळा अशी तीन रंजकद्रव्ये असतात. त्या काळच्या अनेक कागदांवर, अल्बममध्ये बंद असतानाही, सायन आधी विटतो. लालला आवरणारा रंगच गेला की फोटो लालसर होतो.

उपाय करण्यापूर्वी फोटोत अशी जागा शोधावी, जी मुळात पांढरी किंवा करडी होती. शाळेच्या फोटोत ती सहज सापडते: गणवेशाचा सदरा, सिमेंटची फरशी. संगणकावर तिथले आकडे पाहावेत. प्रत्येक रंग ० ते २५५ मध्ये मोजला जातो. सदऱ्यावर लाल २३०, हिरवा २१०, निळा १७० असे असेल, तर लाल थोडा उतरवून निळा चढवावा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले की झाक गेली. चकाकणारी जागा मात्र घेऊ नये, आणि एकाच जागेवर विसंबू नये. सदऱ्याला नीळ जास्त झाली असेल, तर तोच फसवेल!

मग बटण का नको? आपल्या इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरचा फोटो घ्या. सगळीकडे गुलाल उधळलेला असतो. अनेक प्रोग्रॅम असे गृहीत धरतात की साऱ्या चित्राची सरासरी करडी असावी. त्यांना गुलाल हीच झाक वाटते आणि ते ती काढू पाहतात. गुलाल फिका पडतो, चेहरे हिरवट होतात. कोणता रंग उजेडाने आणला आणि कोणता तिथे खरोखर होता, हे सांगायला तो प्रसंग ओळखणारे माणूसच लागते.

याहून गंभीर गोष्ट आहे ती चेहऱ्याची. कित्येक ॲप फोटो 'सुंदर' करताना माणसाचा रंगही उजळ करतात. एखाद्या सावळ्या मुलीने पन्नास वर्षांपूर्वीच्या फोटोत आपल्या आजीला शोधावे आणि तिला भलतीच गोरी बाई दिसावी, हे मला मान्य नाही. दुरुस्ती सदरा पाहून करायची. सदरा पांढरा झाला की चेहरा आपोआप त्याच्या खऱ्या रंगाजवळ येतो.

म्हणून तीन विनंत्या. विश्वस्तांनी प्रत्येक मूळ स्कॅनची न बदललेली प्रत कायम जपण्याची व्यवस्था करावी. दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवरच व्हावी. चित्रकला आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी आठवी-नववीला हा विषय एकत्र शिकवावा. आणि पालकांनी घरातील आजी-आजोबांना मुलांजवळ बसवावे. त्या वर्षीच्या साडीचा काठ कोणत्या रंगाचा होता, हे संगणकाला ठाऊक नसते, त्यांना असते.