निरवानिरव

घर सोडून जाणारा शहाणा भाडेकरू केवळ सामान उचलून चालता होत नाही. तो भिंतींवरील खिळे काढतो, माळ्यावर काही राहिले आहे का ते पाहतो, केर काढतो आणि मगच किल्ली मालकाच्या हाती देतो. संगणकावरून एखादा प्रोग्राम काढून टाकतानाही अशीच निरवानिरव करावी लागते. परंतु सामान उचलले म्हणजे काम झाले, अशी पुष्कळांची समजूत असते.

अक्षरे किती मोठी असावीत, भाषा कोणती असावी, अशा वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी प्रोग्राम वेगळ्या फाइलींत टिपून ठेवतो. या सेटिंगच्या फाइली प्रोग्राम काढल्यावरही पुष्कळदा मागे राहतात. हा नेहमीच निष्काळजीपणा नसतो. १९९३ साली इअन मर्डॉक यांनी आरंभ केलेल्या डेबियन या प्रणालीत यासाठी दोन निरनिराळ्या आज्ञा आहेत. ‘रिमूव्ह’ ही आज्ञा प्रोग्राम काढते, परंतु त्याची सेटिंग जपून ठेवते; हेतू हा, की उद्या तोच प्रोग्राम पुन्हा हवा झाला, तर सारी जुळवाजुळव नव्याने करावी लागू नये. ‘पर्ज’ ही आज्ञा ती सेटिंगही पुसून टाकते. मात्र वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमधील फाइलींना तीही हात लावीत नाही. यांतील कित्येक फाइलींची नावे टिंबाने सुरू होतात, म्हणून त्या साध्या यादीत दिसतही नाहीत.

एवढ्याशा फाइली राहिल्या तर बिघडले कोठे, असे कोणी विचारील. त्या जागा फारशी अडवीत नाहीत, हे खरे. परंतु बिघडलेला प्रोग्राम काढून पुन्हा बसवावा, तर जुनी चुकीची सेटिंग तेथेच टपून बसलेली असते आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो. शिवाय काही फाइलींत खात्याचे नाव, क्वचित परवलीचा शब्दही असतो. तोच संगणक उद्या दुसऱ्याच्या हाती गेला, तर घराची किल्ली दारातच विसरल्यासारखे होईल.

याचा अर्थ दिसेल ते पुसून टाकावे, असा नव्हे. एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्रामलाही लागत असते. जळमटे झाडताना तुळईवर कुऱ्हाड चालवू नये. प्रथम फाइल कोणाची ते पाहावे, तिची प्रत अन्यत्र ठेवावी आणि खात्री झाल्यावरच ती काढावी. शंका असेल, तर जाणत्या माणसास विचारावे. त्यात कमीपणा नाही.

यंत्र सांगितलेले काम इमानाने करते. परंतु काय ठेवावे आणि काय टाकावे, हा विवेक माणसाचाच. म्हणून ज्याने प्रोग्राम बसविला, त्यानेच जाताना त्याची नीट निरवानिरवही करावी. मागून येणाऱ्याला स्वच्छ जागा मिळावी, यासाठी घेतलेले हे थोडे कष्ट म्हणजे सुसंस्कृतपणाच होय.