अंगणातली काकवी



नणंदेचा मुलगा कॅनडात शिकतो. मागच्या हिवाळ्यात तो धुळ्याला आमच्याकडे आला. बॅगेतून मुलांसाठी चॉकलेटे निघाली, अम्मींसाठी शाल निघाली आणि शेवटी कापडात गुंडाळलेली एक काचेची बाटली निघाली. "नानी, हे मेपल सिरप. झाडाच्या रसाचं." अम्मींनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, बोट बुडवून चाखले आणि म्हणाल्या, "अरे, ही तर काकवी! फक्त जरा पातळ."

मग त्याने सगळे सांगितले. रात्री बर्फ पडण्याइतकी थंडी आणि दिवसा जरा ऊन, अशा दिवसांत मेपलच्या खोडात रस चढतो. खोडाला बोटाएवढे भोक पाडायचे, त्यात नळी बसवायची, खाली बादली टांगायची. रस पाण्यासारखा दिसतो, त्यात साखर असते शेकडा दोनच्या आसपास. म्हणून चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा कुठे एक लिटर सिरप मिळते. जगातले बहुतेक मेपल सिरप कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात होते. तिथे मोठे कारखाने आहेत, आणि घरामागच्या चार झाडांवर हंगामापुरते सिरप काढणारी कुटुंबेही आहेत.

मुलांनी लगेच विचारले, "आपल्याकडे असं झाड नाही का?"

या सदरात आपण घरच्या घरी करता येतील अशा कामांविषयी बोलत असतो. आम्ही दोघी जावा तीन हिवाळे अंगणात काकवी करतो आहोत. तेव्हा या महिन्यात त्याविषयीच लिहावे असे ठरवले. आमच्या हातून एक मोठी चूक झाली होती, तीही लिहितो.

झाड आहे, पण...

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर असे की झाड आहे. पांझरेच्या काठाला आणि नाल्यांच्या कडेला शिंदी उभी असते. बंगालमध्ये याच शिंदीचा रस हिवाळ्यात रात्रभर मडक्यात धरतात आणि पहाटे चुलीवर आटवून त्याचा गूळ करतात. हे काम करणाऱ्यांत मुसलमान कुटुंबे पुष्कळ आहेत. बांगलादेशात एक गोष्ट कटू अनुभवाने कळली. उघड्या मडक्यावर वटवाघळे बसतात आणि तो रस कच्चा प्यायल्याने निपाहसारखा जीवघेणा आजार होऊ शकतो. म्हणून रस उकळणे आणि मडके झाकणे या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या.

आपल्याकडे मात्र दोन अडचणी आहेत. पहिली कायद्याची. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार ताडी-शिंदीच्या झाडाला छेद देऊन रस काढायला परवाना लागतो, मग तो नीरेसाठी असो की आणखी कशासाठी. दुसरी अडचण रसाचीच. पहाटे तो गोड असतो, पण ऊन चढले की काही तासांतच फसफसू लागतो आणि त्यात नशा तयार होते. ज्या घरात नशेच्या थेंबालाही जागा नाही, त्या घराने घड्याळाकडे बघत असा धंदा करू नये असे आम्हाला वाटले. शिंदीचा विचार तिथेच सोडला.

उसाकडे वळलो

आमच्यातल्या मोठीचे माहेर जळगाव जिल्ह्यात, यावल तालुक्यात. तापीच्या त्या पट्ट्यात आज जिकडे पाहावे तिकडे केळी दिसते, पण फैजपूर, चोपडा, चाळीसगाव आणि इकडे शिरपूर या भागांत साखर कारखाने उभे राहिले ते उसाच्या जोरावरच. तिच्या लहानपणी गावात गुऱ्हाळ लागायचे. काहील उतरण्याआधी मुले वाटी घेऊन रांगेत उभी राहायची आणि गुळव्या प्रत्येकाच्या वाटीत पळीभर काकवी घालायचा. तीच आठवण आमच्या कामाची सुरुवात ठरली.

निमित्त मात्र पैशांचे होते. अब्बांची नजर मंदावली आणि पॉवरलूमचे काम सुटले. घरात एक पगार कमी झाला. अम्मींच्या भावाने कर्जे-हसना म्हणून पैसे दिले, त्यातून स्टीलची रुंद, उथळ कढई आणि दुधाचे दोन कॅन घेतले. यंत्र घेतले नाही. ओळखीच्या रसवंतीवाल्याकडे सकाळी गिऱ्हाईक नसते, त्या वेळात तो आमचा ऊस पिळून देतो. बर्फ, लिंबू, आले काही न घालता.

हिशोब आधी समजून घ्या. उसाच्या रसात साखर शेकडा अठराच्या पुढे-मागे असते, मेपलच्या आठ-नऊ पट. म्हणून साडेपाच-सहा लिटर रसात एक लिटर काकवी होते. आम्ही एका खेपेला चाळीस लिटर रस घेतो. त्याला पाऊण क्विंटलच्या आसपास ऊस लागतो आणि नऊ-साडेनऊ किलो काकवी मिळते. म्हणजे तीस लिटरवर पाणी वाफ करून उडवायचे असते. इंधनाचा खर्च इथेच आहे. आमच्या चुलीला तीस किलोच्या आसपास लाकूड लागते. गॅसवर केले तर साडेतीन किलो गॅस जातो, शिवाय घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरता येत नाही. पिळून उरलेली चिपाडे उन्हात वाळवून पुढच्या खेपेला जाळली की लाकूड वाचते.

करण्याची रीत

ऊस पक्का, दहा-बारा महिन्यांचा घ्यावा. गुळासाठी 671 आणि 86032 या जाती चांगल्या मानतात. तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत पिळावा. पहिल्या वर्षी लग्नाच्या गडबडीत आमचा ऊस तीन दिवस पडून राहिला. रस आंबूस लागला आणि काकवी काळी झाली.

रस आणल्यावर दुहेरी पातळ कापडातून गाळून लगेच चुलीवर ठेवावा. भेंडीच्या झाडाची मूठभर देठे ठेचून पाण्यात चोळली की बुळबुळीत पाणी सुटते. ते गाळून रसात घालावे. आच मंद ठेवावी. उकळी फुटण्याच्या आधी काळपट मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहावी. घाई करून उकळू दिले तर मळी रसात मिसळते आणि मग निघत नाही. गुऱ्हाळातली माणसे म्हणतात की गूळ मळी काढणाऱ्याच्या हातात असतो, ते काकवीलाही लागू आहे.

मळी येणे थांबले की आच वाढवावी. कढई अर्धीच भरलेली असावी, कारण फेस दुपटीने वर येतो. फेस उतू जाईल असे वाटले तर शेंगदाण्याच्या तेलाचे चार थेंब टाकावेत. तीन-चार तास लागतात. शेवटच्या अर्ध्या तासात कढईजवळून हलू नये. मुलांना लांब ठेवावे, ओढणी-पदर खोचून घ्यावा. उकळत्या काकवीचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट असतो, कारण ती कातडीला चिकटते.

कधी उतरवायची हे सगळ्यात महत्त्वाचे. शंभर-दीडशे अंशांपर्यंत मोजणारा थर्मामीटर घ्या. आधी साध्या पाण्यात उकळीचा अंश बघून ठेवा. त्यापेक्षा सहा अंश वर गेले, म्हणजे साधारण 105 ते 106 अंश, की काकवी झाली. 117-118 पर्यंत नेली तर गूळ होतो. उतरवल्यावर पुन्हा गाळावी. खाली साखरेचे खडे बसू नयेत म्हणून नऊ-दहा किलोला चार ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, घालावे. काचेच्या बाटल्या धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून, काकवी गरम असतानाच भराव्यात.

आमची चूक

दुसऱ्या हिवाळ्याची गोष्ट. मागणी वाढली होती. थर्मामीटर फुटला होता, पण खरे कारण ते नव्हते. थोडी पातळ उतरवली तर त्याच रसात तीन बाटल्या जास्त भरतात, हे आम्हा दोघींच्याही लक्षात आले होते. एकमेकींना बोलून दाखवले नाही एवढेच. एकवीस बाटल्या भरल्या. तेरा मोहल्ल्यात विकल्या.

तीन आठवड्यांनी उरलेल्यांपैकी एक बाटली उघडली तर झाकण उडाल्यासारखे निघाले. फेस आला आणि आंबट, झोंबणारा वास. घट्ट काकवीत साखरच इतकी असते की आंबवणारे किण्व तिच्यात वाढू शकत नाही. आम्ही त्याला पाणी शिल्लक ठेवले आणि त्याने आपले काम केले.

त्या रात्री घरात बराच वेळ बोलणे चालले. कर्जे-हसनाचा पहिला हप्ता त्या बाटल्यांतून द्यायचा होता. कोणी म्हणाले, पुन्हा उकळा, वास उडून जाईल, कळणार कोणाला? धाकटीला ते पटत होते, हे ती आजही कबूल करते. अब्बा एवढेच म्हणाले, "शंका आली ना? मग ओता." आठ बाटल्या मोरीत ओतल्या.

उरल्या विकलेल्या तेरा. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बुरखा घालून घरोघर गेलो. प्रत्येक दारात तेच सांगायचे, "काकवी बिघडली आहे, खाऊ नका, हे तुमचे पैसे." एका घरात मुलांनी ती संपवलीही होती. त्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या आमच्याकडे बघत राहिल्या. तेवढे पुरे होते. त्या तेरा घरांपैकी नऊ घरांनी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा काकवी घेतली, चार घरांनी आजवर घेतलेली नाही. हप्ता तीन महिने उशिरा गेला.

दुसरी परीक्षा गेल्या वर्षी आली. एका व्यापाऱ्याने निरोप पाठवला: जितकी कराल तितकी घेतो, पण रंग फिका हवा. फिक्या रंगासाठी काही ठिकाणी रसात हायड्रोसची पावडर टाकतात, ते आम्हाला ठाऊक होते. जास्त विचारल्यावर कळले की त्याला ती मधात मिसळायची होती. रोख पैसे होते, तेही आगाऊ. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा वर काढणाऱ्या रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांची हकीकत आपण मुलांना सांगतो. ढीग आपल्या अंगणात असतो तेव्हा ती आठवणे अवघड जाते. आम्ही नकार दिला. हे मोठेपणासाठी सांगत नाही. तेरा दारांची आठवण ताजी होती म्हणून नकार सोपा गेला.

सुरू करायचे असेल तर

पहिल्या खेपेला दहा लिटरच रस घ्या आणि घरातच खा. दुसऱ्या खेपेची एक बाटली महिनाभर ठेवून बघा. झाकण फुगले नाही, वास बदलला नाही, तरच विकायचा विचार करा. विकायची झाल्यास अन्न सुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची, छोट्या उत्पादकांसाठीची नोंदणी करून घ्या. बाटलीवर वजन, तारीख आणि आत काय घातले ते लिहा. वजन किलोत सांगा. काकवी पाण्यापेक्षा जड असते, त्यामुळे लिटरच्या बाटलीत सव्वा किलोहून जास्त बसते, आणि लिटर-किलोच्या गोंधळात गिऱ्हाईक किंवा आपण, कोणीतरी फसतो.

आणि एक. काकवी आरोग्याची म्हणून मधुमेहाच्या माणसाला वाढू नका. तीही साखरच आहे.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत हिवाळ्याकडे चालला आहे. उसाचा हंगाम आणि सहेरी आता एकमेकांना भेटू लागल्या आहेत. ज्वारीची गरम भाकरी, वर तूप आणि पळीभर काकवी, एवढ्यावर आमची मुले दुपारपर्यंत तग धरतात. भाच्यासाठी दोन बाटल्या कॅनडाला पाठवल्या. त्याने फोनवर सांगितले की खोलीतल्या मित्रांनी ती मेपल समजून खाल्ली आणि विचारले, "हे कोणत्या झाडाचं?"

अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल कमाईत बरकत देवो. आमीन.