मॅटवर उतरण्याआधी नियम हाती द्या

जानेवारी २०२३, पुण्यातलं कोथरूड. महाराष्ट्र केसरीच्या माती विभागाच्या अंतिम लढतीत दोन्ही मल्ल सोलापूर जिल्ह्यातले: मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड. महेंद्रने बाहेरची टांग लावली, पंचांनी चार गुण दिले आणि ते योग्य की अयोग्य यावर गावोगावच्या तालमी भांडत राहिल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या स्पर्धेत तर निकालावर चिडलेल्या मल्ल शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली आणि तीन वर्षांचं निलंबन ओढवून घेतलं.

पिढ्यानपिढ्यांच्या कुस्तीत ही गत. मग ज्युदोच्या मॅटवर पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या पोराचं काय?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर आणि टॉवेलच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या आईबापांसाठी शालेय ज्युदो स्पर्धा ही हौस नसते. जिल्हा, मग पुणे विभाग, मग राज्य अशी ती चढण आहे आणि राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. अशा घरातलं पोर नियम ठाऊक नसल्यामुळे बाद झालं, तर तो दोष पोराचा नव्हे, ते न सांगणाऱ्यांचा आहे.

तालमीतून आलेल्या मुलांना तर सवयच नडते. कुस्तीत दुहेरी पट काढला की शाबासकी मिळते. ज्युदोत उभ्याने हात घालून पाय धरणं २०१३ पासून बंद आहे, उलट शिक्षा होते. कलाजंगही त्याच कारणाने जुन्या पद्धतीने मारता येत नाही. धोबीपछाड मात्र चालते. तिचीच बहीण शोभेल अशी सेओई नागे ज्युदोत मानाची आहे. फेकलं जाताना पूल करून पाठ वाचवायला जावं, तर पंच तो इप्पोनच (पूर्ण गुण) धरतात आणि लढत तिथेच संपते.

गुणांचं गणितही नुकतंच बदललं. २०१७ मध्ये काढून टाकलेला युको हा छोटा गुण २०२५ पासून परत आला. आता प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर ५ सेकंद दाबून ठेवलं की युको, १० सेकंदांना वाझा-आरी (अर्धा गुण), २० सेकंदांना इप्पोन. दोन वाझा-आरी मिळून इप्पोन होतो. युको कितीही जमले तरी त्यांचा वाझा-आरी होत नाही. नुसतं टाळाटाळ करत राहिलं, चटईबाहेर पाऊल टाकलं किंवा खोटा हल्ला केला, तर शिदो, म्हणजे शिक्षेची ताकीद. तीन शिदो झाले की खेळ खल्लास. मोठ्यांची लढत चार मिनिटांची असते. बरोबरी झाली तर गोल्डन स्कोअर. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या सुशीला देवीचं सुवर्ण याच जादा वेळेत हुकलं.

वजनाचा नियम सर्वांत निर्दय. पॅरिस ऑलिम्पिकला कुस्तीपटू विनेश फोगाट १०० ग्रॅमनी बाद झाली, हे घराघरात माहीत आहे. तरीही स्पर्धेआधी वाढीच्या वयातल्या मुलांना उपाशी ठेवून खालच्या गटात ढकललं जातं. हे थांबलंच पाहिजे. मूल ज्या वजनाचं आहे, त्याच गटात त्याला खेळू द्यावं.

पोशाखाचीही तीच गोष्ट. बाही मनगटापर्यंत हवी, नखं कापलेली हवीत, अंगावर धातूची वस्तू नको. ज्युदोचा जाड सुती अंगरखा विकत घेणं प्रत्येक घराला परवडत नाही. सुती विणकामात नाव कमावलेल्या सोलापुरात शाळांनी चार-दोन जादा जोड ठेवायला हरकत नसावी.

संयोजकांकडे मागणं मोठं नाही. प्रवेश अर्जासोबत एक पानाचं नियमपत्रक द्यावं: मराठीत, आणि शहराच्या पूर्व भागासाठी तेलुगूतही. गळा आवळण्याच्या आणि सांधा पिळण्याच्या पकडी कोणत्या वयोगटात चालतील, लढत किती मिनिटांची, हे त्यात स्पष्ट लिहावं. हाताने दोनदा थोपटलं की लढत सुटते, हे ठळक अक्षरांत छापावं. आणि वजनं घेऊन झाली की पंचांनी अर्धा तास मॅटवर उभं राहून हे सारं मुलांना आणि पालकांना प्रत्यक्ष करून दाखवावं.