जागा एकच, लायक अनेक

८ मार्च २०१७ रोजी बंगळूर येथे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने दोन वयोवृद्ध डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांचा जीवनगौरव पुरस्कार देऊन सत्कार केला. एक मुंबईचे पद्माकर शिवलकर, दुसरे हरियाणाचे राजिंदर गोयल. प्रथम श्रेणी सामन्यांत शिवलकरांचे बळी ५८९, गोयल यांचे ७५०. कसोटी सामने मात्र दोघांच्याही नावावर शून्य.

हा प्रश्न लायकीचा नव्हता. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात, मद्रासला, शिवलकरांनी एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी टिपले. पण भारतीय संघात डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची जागा एकच, आणि तेथे बिशनसिंग बेदी होते. १९७४ च्या बंगळूर कसोटीतून बेदींना वगळले तेव्हा गोयल यांना बोलावणे आले. पण प्रत्यक्ष अकरा जणांत त्यांचे नाव नव्हते. त्याच शहरात ४२ वर्षांनी त्यांचा सत्कार झाला.

रेल्वे आणि टपाल खात्यातील आमच्या बंधू-भगिनींना ही कहाणी परकी वाटणार नाही. वरची जागा रिकामी नाही म्हणून वर्षानुवर्षे त्याच पदावर चोख काम करणारे सहकारी प्रत्येक स्टेशनात, प्रत्येक डाकघरात आहेत. निवृत्तीच्या दिवशी त्यांना हार, नारळ आणि चार गोड शब्द मिळतात. त्या मानाला आम्ही कमी लेखत नाही. पण हाराने चूल पेटत नाही.

अमेरिकेत बेसबॉलमध्ये अशा खेळाडूंची फौजच असते. मुख्य लीगच्या खाली दुय्यम संघांची उतरंड आहे. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने चेंडू फेकण्यासाठी करारबद्ध केले. दोघेही दुय्यम संघांतूनच खेळले; मुख्य लीगचे मैदान त्यांना लाभले नाही. या उतरंडीवर पगार इतका तुटपुंजा होता की हंगाम संपताच अनेकांना दुसरे काम शोधावे लागे. अखेर २०२२ मध्ये हे हजारो खेळाडू मुख्य लीगच्या खेळाडूंच्या जुन्या संघटनेत सामील झाले. मार्च २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला आणि किमान पगार दुपटीहून अधिक वाढला.

संघटनेने मुख्य लीगमधील जागा वाढवल्या नाहीत. त्या तिच्या हातात नव्हत्याच. पण वर न पोहोचणाऱ्यालाही पोटभर खाण्याचा हक्क आहे, हे तिने मालकांकडून मान्य करून घेतले.

आपल्याकडे २०१९ मध्ये निवृत्त क्रिकेटपटूंची संघटना स्थापन झाली आणि २०२२ मध्ये मंडळाने माजी खेळाडूंचे निवृत्तिवेतन वाढवले. हे योग्यच झाले. पण आज मैदानात घाम गाळणाऱ्या खेळाडूंना वाटाघाटीस बसवणारी त्यांची स्वतःची संघटना नाही. रेल्वेने २००१-०२ आणि २००४-०५ मध्ये रणजी करंडक जिंकला, तेव्हा त्या खेळाडूंच्या पाठीशी खात्याची नोकरी होती. तो आधार प्रत्येकाला नसतो.

गोयल २०२० मध्ये गेले, शिवलकर मार्च २०२५ मध्ये. त्यांना आमचे अभिवादन. शिखरावर जागा थोड्याच असणार, हे आम्ही जाणतो. म्हणूनच आमचा आग्रह पायथ्यासाठी आहे. तेथे राबणाऱ्याचा पगार, म्हातारपण आणि मान नशिबावर सोडता कामा नये. तो हक्क कोणी आणून देत नाही; तो एकजुटीनेच मिळवावा लागतो.