टाचेला लागणारा कुत्रा

गुरे राखायला आपल्याकडे सहसा कुत्रा लागत नाही. गुराख्याची हाळी, हातातली काठी आणि कळपातली एखादी जाणती गाय एवढ्या भांडवलावर सगळी खिल्लारे तिन्हीसांजेला गोठ्यात परत येतात. धनगरांच्या तळावर कुत्रा असतो खरा, पण तो लांडग्यापासून मेंढरे राखायला. गुरे हाकणे हाच ज्याचा जन्मजात धंदा, असा कुत्रा आपल्याला परकाच. म्हणूनच २०१८ साली सुरू झालेली 'ब्लूई' ही कार्टून मालिका आपली नातवंडे आवडीने पाहतात, तेव्हा त्यातल्या कुटुंबाचे आडनाव 'हीलर' का, हा प्रश्न कुणाला पडत नाही. हीलर म्हणजे टाचेला लागणारा. या नावात एका कुत्र्याचा सगळा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये, हंटर नदीच्या वरच्या खोऱ्यात, डार्टब्रुक येथे थॉमस हॉल याची गुरे होती. गुरे कसली, कुंपण नसलेल्या मोकळ्या रानात वाढलेली, माणसाचा हात न लागलेली अर्धी जंगली जनावरेच ती. विक्रीसाठी ती डोंगर ओलांडून सिडनीपर्यंत चालवत न्यायची. इंग्लंडहून आलेले स्मिथफील्ड जातीचे कुत्रे या कामी कुचकामी ठरले. ते भुंकून गुरे बिथरवत, कडकडून चावत आणि उन्हाने जेरीस येत. बिथरलेले जनावर धावते, धावलेले जनावर वाळते आणि बाजारात त्याची किंमत उतरते. हॉलची अडचण इतकी रोकडी होती.

त्याने इंग्लंडच्या नॉर्थंबरलंड भागातले निळसर ठिपक्यांचे गुरे हाकणारे कुत्रे मागवले आणि माणसाळवलेल्या डिंगोंशी त्यांचा संकर केला. डिंगो हा तिथला रानकुत्रा, गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या लेखी मेंढ्यांचा काळ. त्याला अडवायला पुढे सुमारे ५,६०० किलोमीटरचे कुंपण घातले गेले! मूळ रहिवासी मात्र डिंगोची पिले हौसेने वाढवीत आले होते. ज्याचा नायनाट करायचा, त्याचेच रक्त राखणदारासाठी उसने घ्यायचे, यातला विनोद त्या काळी कुणाला जाणवला असेल असे वाटत नाही.

१८४० च्या सुमारास जी संतती सिद्ध झाली, ती 'हॉल्स हीलर' म्हणून ओळखली जाऊ लागली. डिंगो फारसा भुंकत नाही. हा कुत्राही कामावर मुका. तो मागून दबकत येतो, जनावराने ज्या पायावर भार टाकला आहे त्याच पायाच्या टाचेला चिमटा घेतल्यासारखा चावतो आणि तत्क्षणी जमिनीला चिकटतो. भार असलेला पाय लगेच उचलता येत नाही. उचललाच, तर लाथ कुत्र्याच्या डोक्यावरून जाते. अवघ्या वीसेक किलोच्या प्राण्याने कित्येक पट वजनाच्या बैलाला मैलोगणती चालवायचे, तर धिटाई, चिकाटी आणि धन्याचा हुकूम नसतानाही निर्णय घेण्याची अक्कल हवीच.

हे कुत्रे हॉल कुटुंबाच्या धंद्याचे गुपित होते. १८७० मध्ये थॉमस निवर्तला, मालमत्ता विकली गेली आणि गुपित फुटले. पुढे रॉबर्ट कॅलेस्की या लेखकाने जातीची लक्षणे लिहून काढली आणि १९०३ मध्ये ती मान्य झाली. या जातीत डाल्मेशियनचेही रक्त आहे, असे त्याने सांगितले. पिले जन्मतः पांढरी असतात आणि रंग मागाहून उमटतो, हे त्याला पोषकच. नंतरच्या अभ्यासकांनी मात्र त्याच्या कथनातल्या अनेक तपशिलांविषयी शंका घेतल्या आहेत. वंशावळी माणसांच्या असोत वा कुत्र्यांच्या, त्या जरा सारवूनच सांगितल्या जातात.

आमचा आक्षेप वेगळाच आहे. लक्षणांच्या यादीत उंची ४३ ते ५१ सेंटिमीटर, कान कसे, शेपूट कशी, हे सारे मोजून मापून येते. पिलू विकत घेणारा तेवढेच वाचतो, किंवा तेही न वाचता मुलांच्या हट्टासाठी घेतो. या शरीराला दिवसभराची चाल लागते आणि या डोक्याला काम लागते, हे कळते ते सोफ्याची लक्तरे झाल्यावर. मग 'चावरा', 'हट्टी', 'वेडा' अशी विशेषणे सुरू होतात, आणि अखेर त्याला कुणाला तरी देऊन टाकण्याचा विचार होतो. हॉलने जे गुण पिढ्यान् पिढ्या निवडून जोपासले, तेच दिवाणखान्यात दोष ठरतात. कामापासून तोडून रूप तेवढे विकणाऱ्यांना आम्ही यात अधिक दोषी मानतो. कुत्र्याला तर मुळीच नाही.

चौथ्या मजल्यावरच्या घरात एखादे चार वर्षांचे पोर खिदळत धावत सुटते. कोपऱ्यात पडलेला कुत्रा कान टवकारतो. कळपातले एक वासरू फुटून निघाले आहे, एवढेच त्याला समजते. तो न भुंकता उठतो आणि दबकत त्या इवल्या टाचांच्या मागे निघतो.